त्यानं पाणी मागितलं

(या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. जिथं अडखळले तेवढं काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

 

आधी एक सांगून टाकते. मागून घुर्रर्र असा आवाज येत असेल तर तुमचा इअरफोन बिघडलेला नाही. आज आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस आहे. सोलापूरच्या लोकांना वेगळं सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी सुटतं, कधी पाच. आणि सुटलं की अख्ख्या गल्लीतले टिल्लू पंप एकदम सुरू होतात. रेकॉर्डिंग पुढं ढकलावं असा विचार केला होता. मग म्हटलं, आजचा विषय पाण्याचाच आहे, राहू दे आवाज.

तर विषय. तीन आठवड्यांपूर्वी एका मुलीनं मला व्हॉइस नोट पाठवली. आपल्या इथलीच, आता पुण्यात नोकरी करते. नाव सांगत नाही. तिला विचारून, तिची परवानगी घेऊन बोलतेय. तिची आई गेली. आई विड्या वळायची, त्यावर दोन मुलांची शिक्षणं केली. शेवटचे दिवस आयसीयूमध्ये. इकडं मंडळीत प्रार्थनेची साखळी चालू होती, रात्री दोन वाजताही कुणी ना कुणी गुडघ्यावर होतं. अकराव्या दिवशी आई गेली.

ती म्हणाली, "ताई, शेवटच्या दिवशी आई शुद्धीवर होती आणि पाणी मागत होती. तोंडानं काही द्यायचं नाही असं सांगितलं होतं. मी कापसाचा बोळा ओला करून तिच्या ओठांवर फिरवत होते. ती परत परत पाणी म्हणत होती. मी दिलं नाही. आता नळाखाली तांब्या धरला तरी मला ते ऐकू येतं."

मग जरा थांबली, आणि तिनं प्रश्न विचारला. "देवाला जमलं नाही, का देवाला पडलेलं नव्हतं? दोन्हीपैकी एक खरं असणार ना?"

आता माझी चूक कबूल करते. मी शाळेत शिकवते, त्या दिवशी पेपर तपासत होते. मी काय केलं? रोमकरांस पत्र, अध्याय ८, वचन २८, एवढं टाइप केलं, खाली हात जोडल्याचा इमोजी लावला आणि पाठवून दिलं. तिनं अंगठा पाठवला.

तो अंगठा मला तीन आठवडे टोचतोय. वचन खोटं आहे असं नाही म्हणत मी. पण भुकेल्याच्या हातात जेवणाचं कुपन द्यावं आणि हॉटेल कुठं आहे ते सांगूच नये, तसं केलं मी. आणि नंतर कळलं की माझ्याआधी कुणीतरी तिला "विश्वास कमी पडला असेल" असंही म्हणून गेलं होतं. कोण ते मला माहीत नाही, माहीत करूनही घ्यायचं नाही. पण असं कुणाला म्हणू नका रे. मेलेल्या माणसाच्या मुलीला तर नाहीच नाही.

तिचा प्रश्न नवीन नाही, बायबलमध्येच आहे. स्तोत्रसंहिता ६२ उघडा, शेवटची दोन वचनं. दावीद तिथं दोन गोष्टी एका दमात सांगतो: सामर्थ्य देवाचं आहे, आणि प्रेमदयाही त्याचीच आहे. एकामागोमाग एक. मला वाटतं त्यालाही हाच पेच पडलेला असणार. नुसतं सामर्थ्य असतं तर देवाची भीती वाटली असती. नुसतं प्रेम असतं तर आपण त्याचीच समजूत काढत बसलो असतो, की असू दे देवा, तुला जमलं नाही. दावीद म्हणतो दोन्ही आहेत. कसं ते तो सांगत नाही. ते बघायला मला विहिरीवर जावं लागलं.

योहानाचं शुभवर्तमान, अध्याय ४. मोबाइलवर बायबल असेल तर उघडून ठेवा, पण आत्ता वाचू नका, आधी ऐका.

शोमरोन प्रांत, सूखार नावाचं गाव. गावाबाहेर याकोबाची जुनी विहीर. वेळ दुपारी बाराची. मे महिन्यात बारा वाजता होटगी रोडला उभे राहिला असाल तर बाकी वर्णनाची गरज नाही. येशू चालून चालून थकलाय आणि विहिरीच्या काठावर बसलाय. शिष्य गावात खायला आणायला गेलेत. एक बाई घागर घेऊन येते. आणि तो तिला म्हणतो, मला पाणी दे.

इथं थांबूया. कारण आपण चर्चमध्ये हे इतक्यांदा ऐकलंय की पुढं काय ते पाठ आहे. जिवंत पाणी, पाच नवरे, आत्म्यानं आणि खरेपणानं उपासना. पण कथेची सुरुवात कशानं होते? देव पाणी मागतो. ज्या योहानानं पहिल्या अध्यायात सांगितलं की सगळं काही ह्याच्याच द्वारे निर्माण झालं, तोच योहान चौथ्या अध्यायात त्याला घसा कोरडा पडलेला दाखवतो. आणि मधल्या दुसऱ्या अध्यायात काय झालंय? काना गावच्या लग्नात त्यानं रांजणभर पाण्याचा द्राक्षारस केलाय. लोकांच्या लग्नात कमी पडलं तर सहा रांजण. स्वतःला तहान लागली तर एक घोट नाही. बाई त्याला तोंडावर सांगते, महाराज, विहीर खोल आहे आणि तुमच्याकडं पोहराही नाही.

पोहरा नसलेला देव. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा हसायला आलं, मग जरा गप्पच झाले.

आता माझ्या आजीची गोष्ट सांगते. आजी मंगळवेढा तालुक्यातली. तिच्या लहानपणी गावात पाणवठा आपला वेगळा, त्यांचा वेगळा. आपला आटला की तिची आई दुसऱ्या विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची. कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. पोहऱ्याला हात नाही लावायचा, काठाला पाय नाही लावायचा. कधी तास, कधी अर्धा दिवस. पुढं ते कुटुंब ख्रिस्ती झालं, सोलापुरात आलं, पण आजीच्या डोक्यातून ती घागर गेली नाही.

तर पाळकसाहेब घरी आले आणि योहान ४ वाचायला घेतलं की आजी मध्येच थांबवायची. तिला जिवंत पाण्यापर्यंत जाऊच द्यायचं नसायचं. विचारायची, "आदी मला सांगा, त्यो तिच्या घागरीतलं पाणी पेला का न्हाय?"

पाळकसाहेब म्हणायचे, "आजी, तसं लिहिलेलं नाही."

आणि खरंच, लिहिलेलं नाही. तुम्ही आता बघा. तो मागतो, ती विचारते तुम्ही यहूदी असून माझ्याकडं कसं मागता, मग बोलणं वाढत जातं, आणि शेवटी ती घागर तिथंच टाकून गावात पळते. तो प्याला का, तिनं दिलं का, योहान एक अक्षर लिहीत नाही.

आजीला ते चालायचं. म्हणायची, "मागितलं न्हवं? मग झालं. बाटायचं तर मागणाराच आदी बाटतुया."

ज्या देशात १९२७ साली माणसांना चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, तिथं नववं वचन समजावून सांगायला नको. यहूदी शोमरोनी लोकांशी संबंध ठेवत नाहीत, असं तिथं आहे. काही अभ्यासक त्याचा अर्थ असा लावतात की ते त्यांची भांडी वापरत नाहीत. अमेरिकेतल्या चर्चला ह्यावर तळटीप लागते. माझ्या आजीला लागली नाही.

आता पाच नवऱ्यांचं. ह्या बाईवर आपल्याकडं किती प्रवचनं झालीत, आणि बहुतेकांत ती चारित्र्यहीन असते. दुपारी एकटी येते, म्हणजे गावानं टाकलेली, म्हणजे काहीतरी भानगड. मला हे कधीच पटलं नाही. मजकुरात येशू तिला एवढंच म्हणतो की तुला पाच नवरे होते, आणि आता जो आहे तो तुझा नवरा नाही. पाप हा शब्द त्या संवादात नाही. जा, पुन्हा करू नको, असंही नाही. त्या काळात बायकोला टाकणं नवऱ्याच्या हातात होतं, बाईच्या हातात जवळजवळ काहीच नव्हतं. पाच वेळा टाकली गेली असेल. पाच वेळा विधवा झाली असेल. काही मेले असतील, काहींनी सोडलं असेल. आपल्याकडं अशा बाईला काय म्हणतात? पांढऱ्या पायाची. नवरा मेला तरी दोष हिचाच.

आणि इथं मला रमाबाई आठवतात.

पंडिता रमाबाई. सोलापूरहून पुण्याला रेल्वेनं जाताना दौंड गेलं की केडगाव लागतं. पाटी सर्रकन निघून जाते, आपण तोवर बॅग काढायच्या गडबडीत असतो. त्या केडगावात रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, अजून चालू आहे. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्यावर चार ओळी वाचतो, संस्कृत पंडिता, स्त्रीशिक्षण, शारदा सदन. पण ज्या मुलीनं मला व्हॉइस नोट पाठवली तिचाच प्रश्न ही बाई आयुष्यभर उरावर घेऊन फिरली, हे पुस्तकात येत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्या काळात त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत पायी हिंडायचं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. ह्यांच्याकडं होतं नव्हतं ते दानधर्मात, देवकार्यात गेलेलं. उपास, जप, नवस, सगळं मनापासून केलं. काही थोतांड नव्हतं त्यात, ती माणसं खरी श्रद्धावान होती. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई गेली. मग बहीण. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास उरले. दोघं शेकडो कोस चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथं विद्वानांनी तिला पंडिता, सरस्वती म्हणून गौरवलं. १८८० मध्ये भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी लग्न केलं, जातीबाहेर. दीड वर्षाचा संसार झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये तेही पटकीनं गेले. रमाबाईंचं वय तेव्हा तेवीस, आणि मांडीवर वर्षाचीही न झालेली मनोरमा.

तेवीस. तुमच्यातले बरेच जण त्याच वयाचे आहात.

आता ह्या बाईला कुणी येऊन "विश्वास कमी पडला" म्हटलं असतं तर?

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या जोगिणींनी, म्हणजे नन्सनी, त्यांना लंडनमध्ये फुलहॅम इथलं एक घर दाखवायला नेलं. समाजानं वाया गेलेल्या म्हणून टाकलेल्या बायका तिथं राहत होत्या आणि सिस्टर्स त्यांची प्रेमानं सेवा करत होत्या. रमाबाईंना हे नवीन होतं. आपल्या देशात अशा बायकांवर दया करणारं त्यांनी कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका सिस्टरनं त्यांना काय वाचून दाखवलं असेल?

योहान, अध्याय ४. विहिरीवरची बाई.

हे रमाबाईंनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. त्या लिहितात त्याचा सारांश असा, की हिंदुस्थानातल्या दबलेल्या स्त्रीला वर उचलायचं सामर्थ्य ह्या माणसात आहे हे त्या दिवशी त्यांना कळलं. सामर्थ्य, बरं का. फुलहॅमच्या त्या घरात त्यांनी पाहिलं ते प्रेम होतं, आणि त्यांना कळलं ते सामर्थ्य. माझ्या मते दावीदाचं कोडं तिथं थोडंसं सुटतं. सामर्थ्य म्हणजे काय, तर टाकलेल्या बाईसमोर बसून तिच्याकडं पाणी मागणं. तिला सगळं माहीत असल्याचं सांगणं, आणि तरी उठून न जाणं.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आता एक गंमत ऐका, विशेषतः जे लहानपणापासून चर्चमध्ये आहेत आणि आतून कोरडे आहेत त्यांनी. रमाबाई स्वतः लिहितात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्याकडं ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. सुमारे आठ वर्षं. एवढी मोठी बाई, आठ वर्षं. तेव्हा युवक शिबिरातून आल्यावर दोन दिवसांत सगळं थंड पडलं म्हणून स्वतःला फार बोलू नका.

पुढचं भराभर सांगते. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, नंतर ते पुण्यात. मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून मोठं वादळ, पालकांनी मुली काढून नेल्या. मग केडगावचं माळरान. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, आणि रमाबाई तिकडं गेल्या. त्यांनी लिहिलंय की दुष्काळाच्या बातम्या वाचल्या आणि स्वतःची भूक आठवली, मग घरात बसवेना. शेकडो मुलींना घेऊन आल्या. १९०० पर्यंत मुक्तीमध्ये दोन हजारांच्या आसपास माणसं झाली होती. माळावर विहिरी खोदल्या, शेती केली, माग लावले, छापखाना घातला.

आता नीट बघा. आई-वडिलांच्या वेळी देवानं का ऐकलं नाही, ह्याचं उत्तर रमाबाईंना मिळालं का? मी त्यांचं जेवढं वाचलंय त्यात मला तरी हिशेब मिटल्यासारखा दिसला नाही. मिळालं ते एवढंच, की त्या भुकेत देव कुठं बसला होता ते कळलं. आणि मग त्याच ठिकाणी, दुष्काळातल्या पोरींजवळ, त्या स्वतः जाऊन बसल्या.

एक कडू गोष्टही सांगायला हवी, नाहीतर आपण ख्रिस्ती लोक स्वतःचीच पाठ थोपटत बसू. १९३८ च्या जानेवारीत बाबासाहेब आंबेडकर आपल्या सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले. 'जनता' मध्ये ते भाषण छापून आलं होतं. बुद्ध आणि ख्रिस्त, ह्या दोघांनी आपलं मन वेधून घेतलंय, असं ते म्हणाले. आणि मग आपल्याला चांगलं खडसावलं. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते त्यावर बोलले. शिकलात, नोकऱ्या मिळवल्या, पण समाजातल्या अन्यायाविरुद्ध एक समाज म्हणून कधी उभे राहिलात का, असा त्यांचा रोख होता. सोलापूरच्या किती ख्रिस्ती पोरांना हे माहीत आहे? मलाही कॉलेज संपल्यावर कळलं. आपण विहिरीची गोष्ट वर्षानुवर्षं वाचतो, आणि अजून लग्न जुळवताना "मूळचे कोण?" असं हळूच विचारतो. आजी असती तर म्हणाली असती, वचन पाठ हाय, घागर मात्र अजून लांबच ठिवलीया.

असो. परत त्या मुलीकडं.

मागच्या आठवड्यात मी योहान पुढं वाचत गेले. अध्याय १९. पिलातासमोरचा खटला, आणि योहान तिथं वेळ लिहितो. दुपारी बाराचा सुमार. विहिरीवरचीच वेळ. मग वधस्तंभ. आणि तिथं येशू म्हणतो की त्याला तहान लागलीय. चारही शुभवर्तमानांत हे फक्त योहानानं नोंदवलंय. अध्याय ४ मध्ये ज्यानं पाणी मागितलं, तोच अध्याय १९ मध्ये पुन्हा मागतो. आणि त्याला पाणी मिळत नाही. कुणीतरी आंबेत बुडवलेला स्पंज काडीवर लावून त्याच्या ओठांना लावतं.

ओठांना ओला स्पंज.

मी मोबाइल खाली ठेवला. कापसाचा बोळा डोळ्यांसमोर आला.

मी तिला फोन केला. मेसेज नाही, फोन. आधी त्या वचनाबद्दल आणि त्या इमोजीबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या ताई, सगळ्यांनी तेच पाठवलं होतं." म्हणजे बघा.

मग तिला म्हटलं, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडं पुरं उत्तर नाही. लाजरला उठवलं आणि तुझ्या आईला का नाही, हे मला माहीत नाही, आणि कुणी सांगत असेल तर तू ऐकू नको. पण तू म्हणालीस ना, देवाला जमलं नाही का पडलेलं नव्हतं. तू देवाला आयसीयूच्या दाराबाहेर उभं केलंयस, हातात पाण्याची बाटली घेऊन, आणि तो देत नाहीये. मला योहानात तो तिथं सापडत नाही. मला तो आईच्या बाजूला सापडतो. पाणी मागणारा. ओठांवर ओला बोळा फिरवून घेणारा. लाजरच्या कबरेपाशीही तो आधी रडलाय, आपण आता उठवणार हे माहीत असूनसुद्धा रडलाय.

आणि दुसरं. तू पाणी दिलं नाहीस असं म्हणतेस. तू दिलंस. जेवढं द्यायची मुभा होती तेवढं, ओठांपुरतं. तिथं उभ्या असलेल्यांना त्याच्यासाठी जेवढं करता आलं, तेवढं तू आईसाठी केलंस.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही. तिच्याकडून स्वारगेटच्या हॉर्नचे आवाज येत होते.

मग तिनं विचारलं, "मग सामर्थ्य कुठाय ताई? हे तर सगळं प्रेमच झालं."

हुशार आहे पोरगी. मी म्हटलं, पुढचा अध्याय वीस आहे. रिकामी कबर. मी ते मानते, मनापासून मानते, आणि तुझी आई त्याच्या हातात आहे हेही. पण रविवारी दफन झालं आणि सोमवारी मी तुला अध्याय वीस सुनावला असता तर ते परत कुपनच झालं असतं. मार्था तर लाजरच्या वेळी त्याला तोंडावर म्हणाली की तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. त्यानं तिला गप्प केलं नाही. तूही बोल त्याला. भांड हवं तर.

रमाबाईंनाही १९२१ मध्ये परत तेच सोसावं लागलं. एकुलती एक मनोरमा, जी आईचं सगळं काम पुढं नेणार होती, ती आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, वर्षानुवर्षं, गावातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. त्यांच्याच छापखान्यात, मुक्तीमधल्याच बायका त्याचे खिळे जुळवत होत्या. ज्यांना कुणी अक्षर शिकवलं नसतं त्या बायका. लेक गेल्यावर काम थांबलं नाही. भाषांतर पुरं झालं, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पुस्तक छापून आलं ते १९२४ मध्ये, त्यांनी हातात धरून पाहिलं नाही.

मला सारखं वाटतं, लेक गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत कधीतरी त्यांच्यासमोर योहान ४ ची पानं आली असतील का? तपासायला म्हणून? माहीत नाही. पण आली असतील तर तिथं त्या थांबल्या असतील, एवढं मी पैजेवर सांगते. चाळीस वर्षांपूर्वी फुलहॅममध्ये ऐकलेली ती बाई, आणि आता तिची घागर मराठीत.

फोन ठेवताना ती मुलगी म्हणाली की येत्या रविवारी ती सोलापूरला येतेय, आईच्या कपाटातलं आवरायला. वर्ष होत आलं, अजून कुणी उघडलेलं नाही. मला म्हणाली, "येता का ताई सोबत? एकटीनं नाही होणार." जाणार आहे मी. त्यामुळं पुढचा भाग रविवारऐवजी मंगळवारी येईल, वाट बघू नका.

तोवर योहान ११ वाचून ठेवा, लाजरचा. मार्था काय बोलते आणि मरिया काय बोलते ते शेजारी शेजारी ठेवून बघा. वाक्य जवळजवळ एकच आहे, पण तो दोघींशी वेगवेगळा वागतो. का, ते तुम्हाला काय वाटतं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. ह्यावेळी वचनाचा नंबर टाकून परत पाठवणार नाही, शब्द देते.

ऐकलंत? पंप थांबला. पाणी गेलं वाटतं. शेजारच्या काकूंचं बॅरल अर्धंच भरलं असणार, त्यांचा पंप बिघडलाय. आमच्या टाकीतनं दोन हंडे देऊन येते.

सलाम.